घुमट आणि प्रतिनिधिन्याय
(कुळगी येथे मठाच्या शिष्यवर्गासमोर केलेले भाषण)

मी आज एका साध्या मातीच्या वाद्याविषयी चार शब्द बोलणार आहे. मठाच्या वर्धापनप्रसंगी संस्कृत पाठशाळेतील शिष्याने एखाद्या ग्रंथावर विवेचन करावे, अशी अपेक्षा साहजिकच होय. परंतु ज्या घुमटावाचून आपल्याकडील चवथीची आरती सुनी वाटते, ते घुमट आज एका खऱ्या धर्मप्रश्नात सापडले आहे; आणि त्या प्रश्नाचा विचार कसा करावा हे आपल्या शास्त्राने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. म्हणून हा विषय.

घुमट आपणां सर्वांस परिचित आहे. तरीही ते घडते कसे, हे पाहण्यासारखे आहे. कुंभार चाकावर गोल पोटाचे भांडे घडवतो. पण या भांड्याला तळ नसतो. एका अंगास मोठे तोंड, दुसऱ्या अंगास लहान. आव्यात भाजून निघाल्यावर मोठ्या तोंडावर भिजवून मऊ केलेले कातडे ओलेपणीच ताणून बसवतात आणि काठाखाली दोरीने आवळून बांधतात. कातडे वाळताना आक्रसते आणि त्या आक्रसण्यातूनच त्यास ताण येतो. वादक एका हाताने कातड्यावर थाप देतो व दुसऱ्या हाताने लहान तोंड झाकतो, उघडतो. त्यायोगे आतली हवा कोंडते व सुटते, आणि नाद कधी गंभीर तर कधी मोकळा होतो. सोबत शमेळ आणि कासाळे असली म्हणजे सुवारी रंगते.

हे वाद्य केवळ आपल्या आरतीचे नव्हे. गोव्यातील गावडा व कुणबी समाजाच्या शिगम्यात ते मांडावर वाजते. किनाऱ्यावरील हालक्की समाजात याच कुळातील गुमटे सुग्गीच्या दिवसांत घुमते. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या मांडो गायनासही त्याचीच साथ असते. ज्या समाजांचे दैवत वारुळात, वृक्षात, गावाच्या सीमेवरील पाषाणात वसते, ज्यांच्या उपासनेस लिखित आगम नाही, त्यांचा आगम अशा वस्तूंतच साठवलेला असतो. मांड कोणता, थाप कोणती, घुमट कोणी उचलावे, हे तेथे पोथीत पाहत नाहीत; आज्याच्या हातावरून नातवाच्या हातावर ते उतरते. अशा उपासनेस अडाणी म्हणून बाजूस सारणे पंडितास सोपे असते. पण भरतमुनींनी नाट्यशास्त्रात पुष्करवाद्यांची उत्पत्ती सांगताना काय सांगितले, ते आठवावे. सरोवरातील कमलपत्रांवर पडणाऱ्या पर्जन्यधारांचा नाद स्वातिमुनींनी ऐकला आणि त्यावरून वाद्ये निर्माण झाली. ज्ञानाचा उगम अरण्यातला, ग्रंथ मागाहूनचा.

आता प्रश्न असा. परंपरेने घुमटावर कातडे असे ते घोरपडीचे. ते पातळ असून चिवट असते, म्हणून नाद उत्तम देते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने घोरपडीस संरक्षण दिले, आणि आज ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिची शिकार व तिच्या कातड्याचा व्यवहार हा गंभीर अपराध ठरतो. आपण बसलो आहोत ते कुळगी तर दांडेलीच्या अरण्यातच आहे. दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये येथे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१५ पासून तो काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचा आहे. कारागीर आता बकऱ्याचे कातडे चढवतात. आणि २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो या बदलानंतरच. पण पुष्कळ वृद्ध वादक खंतावून म्हणतात, नाद तो नव्हे. आणि नाद तो नसेल तर देवास तो पोचेल काय?

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हीच शंका यज्ञाविषयी आपल्या पूर्वसूरींस पडली होती. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार आहे. व्रीहींचे विधान असता व्रीही न मिळाले, तर यज्ञ सोडून द्यावा काय? सिद्धान्त असा की, नित्य कर्म सोडू नये. नीवारासारखे सदृश द्रव्य घ्यावे व कर्म पुरे करावे. सोमवल्ली न मिळाल्यास पूतीक घ्यावा, हे तर वेदानेच सांगितले आहे. पण याच पादात मर्यादाही घातली आहे. देवतेस प्रतिनिधी नाही, अग्नीस नाही, मंत्रास नाही, क्रियेस नाही. द्रव्य बदलेल, ज्यासाठी द्रव्य आणले, ते बदलणार नाही.

या न्यायाने घुमटाकडे पाहा. कातडे हे द्रव्य आहे. थाप ही क्रिया आहे. आरतीचे व मांडावरचे शब्द मंत्रस्थानी आहेत. बकऱ्याचे कातडे हे सदृश द्रव्य, म्हणून ग्राह्य. उलट यंत्रातून वाजणारी ध्वनिमुद्रित सुवारी कितीही हुबेहूब असली, तरी तेथे क्रियाच लोपली; तिला प्रतिनिधी म्हणता येत नाही. भय बाळगायचे असेल तर ते बकऱ्याच्या कातड्याचे नको, या दुसऱ्या गोष्टीचे हवे.

कोणी म्हणेल, मूळ द्रव्य मिळाले तर तेच घ्यावे, असेही मीमांसक सांगतात. आणि घोरपड तर अजून रानात आहे. यावर माझे नम्र उत्तर असे. चोरून आणलेल्या व्रीहींनी कोणी यजमान यज्ञ करीत नाही. जे राजनियमाने आणि भूतदयेने निषिद्ध झाले, ते समोर दिसत असले तरी मिळण्याजोगे नव्हे. शिवाय घोरपड ही या अरण्याची सफाई करणारी आहे; मृत जीव, किडे, उंदीर खाऊन ती आपले काम करते. ज्या देवाचे रान, त्याच्याच रानातील जीव मारून त्याची आरती करणे कितपत शोभेल?

हा प्रश्न आपल्याच वाट्यास आला आहे असेही नाही. चिनी एऱ्हू या तंतुवाद्यावर अजगराचे कातडे असते. त्यासाठी हाँगकाँगच्या एका वाद्यवृंदाने कृत्रिम पडदा तयार करून तो वादनात रुळवला. वाद्य राहिले, वादक राहिले, अजगरही राहिला.

म्हणून माझी शिष्यवर्गास विनंती एवढीच आहे. वृद्ध वादकांची खंत ऐका, पण ती उपयोगास लावा. बकऱ्याच्या कातड्याची जाडी, ते भिजवण्याचा अवधी, बांधणीतील ताण यांचा प्रयोग त्यांच्याच कानाखाली होऊ द्या. घुमट विकत घेताना कुंभारास त्याच्या श्रमाचे मोल घासाघीस न करता द्या. डिचोलीसारख्या ठिकाणी चालत आलेले कुंभाराचे चाक थांबले, तर कोणत्याही कातड्याचा उपयोग नाही. आणि घरातील एका तरी मुलास आरतीच्या वेळी घुमट हातात द्या. द्रव्याचा प्रतिनिधी शास्त्राने दिला आहे. वाजवणाऱ्या हाताचा प्रतिनिधी मात्र आपल्यालाच घडवावा लागेल.

इति शम्.