काळाची वेस आणि एक चाहता

ठाण्याच्या वर्तकनगरांतील म्हाडाच्या एका जुन्या इमारतींत, रात्रीं बारा वाजून गेल्यावर, एका तरुणानें गाढ झोपलेल्या वडिलांना हलवून जागें केलें. कांहीं अनिष्ट घडलें कीं काय, या भीतीनें ते उठून बसले. घडलें होतें एवढेंच कीं, ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेंतील, ६ एप्रिल १९६७ रोजीं प्रथम प्रक्षेपित झालेला एक भाग चिरंजीवांनीं नुकताच पाहिला होता, व तो कोणास तरी सांगितल्यावांचून त्यांना झोप येणें शक्य नव्हतें.

वडिलांना ही मालिका अपरिचित नव्हती. १९८० नंतरच्या दशकांत ती रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर लागत असे. टोकदार कानांचा स्पॉक त्यांच्या अजून ध्यानांत होता. हा भाग मात्र त्यांना आठवेना.

कथा हार्लन एलिसन यांची. यानावरील डॉक्टर मॅकॉय औषधाच्या अतिमात्रेनें भ्रमिष्ट होतो, काळाच्या वेशींतून भूतकाळांत उडी घेतो, आणि तत्क्षणीं इतिहास बदलून यानच नाहींसें होतें. (ती वेस म्हणजे एक ओबडधोबड कमान, आजच्या प्रेक्षकास ती पाहून हंसूं येईल, पण क्षणभरच.) त्याच्या शोधार्थ कप्तान कर्क व स्पॉक १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्यें उतरतात. महामंदीचे ते दिवस. ईडिथ कीलर नांवाची तरुणी तेथें निराश्रितांना जेवूं घालीत असते. कर्कचें मन तिच्यावर जडतें. इकडे स्पॉक रेडिओचे सुटे भाग जोडून एक यंत्र उभारतो आणि त्यांतून भयंकर गोष्ट कळते. ही बाई जगली, तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळें अमेरिका दुसऱ्या महायुद्धांत उशिरां उतरेल, अणुबाँब प्रथम जर्मनीच्या हातीं लागेल व हिटलर जग जिंकील. शेवटीं भरधाव ट्रक तिच्या अंगावर येतो, डॉक्टर तिला वांचविण्यास धांवतो, आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो.

मराठी माणसाला हा पेंच नवा नाहीं, असें तरुणानें ठासून सांगितलें. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांच्या एका विज्ञानकथेंत १७६१ च्या पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाहीं. मराठे विजयी झालेल्या त्या निराळ्या हिंदुस्थानांत इतिहासाचा एक प्राध्यापक जाऊन पडतो, आणि तोहि ट्रकशीं टक्कर होऊन! तेथें एक जीव वांचला म्हणून जय, येथें एक वांचला तर सर्वनाश. ‘सकाळीं बोलूं,’ म्हणून वडिलांनीं कूस बदलली.

येऊरच्या डोंगरावर ऊन पडलें तेव्हां श्रोत्याची जागा आजींनीं घेतली होती. तांदूळ निवडतां निवडतां त्यांनीं सर्व ऐकलें व विचारलें, ‘भुकेल्यांना जेवूं घालणारीच बरी सांपडली रे तुम्हांला मारायला?’

त्यानें कोट्यवधि जिवांचा हिशेब मांडला. आजींना तो समजला. त्यांची शंका निराळी होती. ‘तुझ्या त्या स्पॉकचें यंत्र मध्येंच जळालें होतें म्हणालास ना? मग तें चुकलें असतें तर?’

हा प्रश्न रात्रभर त्याच्या मनांत आला नव्हता. भल्याभल्या चाहत्यांना आवडत्या कलाकृतीवरील आक्षेप सहन होत नाहीं. तो मात्र उठला, यंत्र प्रथम जळतें तो प्रसंग त्यानें पुन्हां लावला आणि पात्रांचें बोलणें वाक्यावाक्याला थांबवून मराठींत सांगूं लागला. आजींनीं सूप बाजूला सारलें व चष्मा पुसून डोळ्यांवर चढविला.

‘आवाज जरा मोठा कर,’ त्या म्हणाल्या.