पटावरील दुजाभाव

आपल्याकडे ज्या मोहऱ्यास वजीर म्हणतात, त्यासच युरोपांत राणी म्हणतात. पटावर सर्वांत बलाढ्य तोच. परंतु पटाबाहेर मात्र या खेळांत स्त्रियांस फार काळ दुय्यम स्थान मिळत आलें. मुंबईच्या एका १३ वर्षांच्या मुलीमुळें या दुजाभावास कसा धक्का बसला, तो वृत्तांत ऐकण्याजोगा आहे.

रोहिणी खाडिलकर यांचा जन्म १९६३ सालचा. घराणें नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें. वडील नीलकंठराव हे 'नवाकाळ'चे संपादक. वासंती, जयश्री व रोहिणी या तिघी बहिणी बुद्धिबळांत निष्णात. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ सालीं झाली, ती वासंतीनें जिंकली. आणि पुढें सुमारें १० वर्षें तें अजिंक्यपद या घराबाहेर गेलेंच नाहीं! एकट्या रोहिणीनें तें ५ वेळां मिळविलें.

खरा प्रसंग आला तो १९७६ सालीं. त्या वर्षीं रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरली. असें धाडस करणारी ती पहिलीच भारतीय स्त्री. वास्तविक चौसष्ट घरांच्या पटावर अंगबळाचें काय काम? तथापि मोठा गहजब झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि निकाल तिच्या बाजूनें लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनींही, केवळ स्त्री म्हणून कोणासही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेंतून वगळतां येणार नाहीं, असा निर्णय दिला.

हे युवे स्वतः १९३५ सालीं जगज्जेते झालेले. स्त्रियांच्या बुद्धीचा प्रत्यय मात्र त्यांना त्यापूर्वींच आला होता. १९२९ सालीं कार्ल्सबाडच्या स्पर्धेंत बेकर नांवाच्या खेळाडूनें थट्टा केली कीं, पहिली जगज्जेती स्त्री व्हेरा मेन्चिक हिच्याकडून जो हरेल, त्याला 'मेन्चिक मंडळा'चा सभासद करावें. पहिले सभासद बेकरमहाशयच झाले. आणि पुढें हेस्टिंग्जला युवेही तिच्याकडून हरून त्या मंडळांत दाखल झाले!

रोहिणीनें १९८१ सालीं हैदराबादेस आशियाई अजिंक्यपद मिळविलें, तेंही एकही डाव न गमावतां, १२ डावांत ११॥ गुण घेऊन. अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. १९८३ सालीं कुआलालंपूर येथें तोच मान पुन्हां तिच्याकडे आला. पुढें त्या वृत्तपत्राच्या व्यवसायांत शिरल्या, व १९९८ सालीं 'संध्याकाळ' या सायंदैनिकाच्या संपादिका झाल्या.