दुधाला सवड देणारा चक्का

(कापूस-ज्वारीच्या पट्ट्यातून वाशी, नवी मुंबई येथे आलेल्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांमध्ये वाचून दाखवावा.)



आज सकाळी तुम्ही वाशीचा बाजार पाहिला. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार 1981 साली मुंबईतून इथे आला. पुढे मसाला, धान्य, फळे, भाजी असे एकेक बाजार आले. तिथे पाठीवर पोती वाहणारी माथाडी मंडळी तुम्ही पाहिलीत. त्यातली पुष्कळ जण सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतल्या गावांतून आलेली आणि कोपरखैरणे, घणसोली भागात वस्ती करून राहिलेली. मीही कोपरखैरण्यातच राहते. माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यातले, कापसाचे.

आमच्याकडे पाडव्याच्या आदल्या दिवशी आणि दसऱ्याला डेअरीसमोर रांग लागते. चक्का किलोने तोलून घेतात, घरी नेतात आणि साखर, वेलदोडा घालून श्रीखंड करतात. रांगेतली बरीच माणसे शेतकऱ्याच्या घरची असतात. गावाकडे ज्यांच्या घरी दही खुंटीला टांगले जायचे, त्यांचीच मुले आणि सुना इथे तेच टांगलेले दही पैसे मोजून घेतात. दुधाचा भाव वेगळा, चक्क्याचा वेगळा. मधला फरक कशाचा? दुधातले पाणी गाळायचा आणि एक रात्र थांबायचा. आज मला एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे.

ज्याला थांबता येत नाही त्याला भाव सांगता येत नाही

कापसाला भाव नसला तर घरात भरून ठेवता येतो. अंगाला खाज सुटते, उंदीर लागतात, पण महिना-दोन महिने थांबता येते. ज्वारी कणगीत राहते. दूध मात्र थांबत नाही. उन्हाळ्यात सकाळी काढलेले दूध तापवले नाही तर दुपारपर्यंत नासते. किटली घेऊन संकलन केंद्रावर उभे राहिले की समोरचा फॅट लावतो आणि आकडा सांगतो. आकडा पटला नाही तर किटली परत न्यायची कुठे? जुलै 2024 मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरला 30 रुपये भाव आणि वर 5 रुपये अनुदान जाहीर केले. अनुदानाने दोन दिवस बरे वाटते, पण किटली परत नेण्याची ताकद त्यातून येत नाही.

ही अडचण नवी नाही आणि तिच्यावर कोरडवाहू भागातल्या लोकांनी उपायही काढलेला आहे. धाराशिव जिल्ह्यात भूम-कुंथलगिरीच्या बाजूला जा. ज्वारीचा, कमी पावसाचा मुलूख. तिथे घरोघरच्या दुधाचा खवा होतो आणि त्या खव्याला दूरदूरच्या हलवायांकडून मागणी असते. पण खव्याला भट्टी लागते, जळण लागते, तास-तासभर ढवळणारा हात लागतो. चक्क्याला दूध एकदा उकळावे लागते, बाकीचे काम विरजण आणि कापड करते. 1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी माजघर शेतीचा विचार मांडला होता. पिकलेला माल जसाच्या तसा न विकता त्याच्यावर घरात काहीतरी करून विकावा, असा तो विचार. चक्का हा त्या विचाराचा सगळ्यात स्वस्त धडा आहे, कारण यंत्र म्हणून लागते ते फक्त एक फडके.

दूध कशाचे होते

तुम्ही म्हणाल, आम्ही कापूसवाले, दुधाचे आम्हाला काय सांगता? जरा हिशेब करा. क्विंटलभर कापसात रुई 33-35 किलो निघते, उरलेली जवळपास सगळी सरकी. ती कापसाबरोबरच जिनिंगमध्ये जाते, तेल निघते आणि पेंड पोत्यात भरून आपल्याच दारी विकायला येते. कडबा तर ज्वारीचाच. म्हणजे आपल्या गोठ्यातले दूध हे सरकी आणि कडब्याचेच दूध आहे. आणि ते गाळायला जे फडके लागते तेही कापसाचेच. नायलॉनच्या कापडातून पाणी गळते, पण ते कापड पाणी शोषत नाही. सुती फडके पाणी शोषते, बाहेरच्या अंगाला ओढते आणि वाऱ्यावर सोडते. म्हणून चक्का सुती कापडातच कोरडा होतो.

करायचे कसे

पहिले, फडके. मांजरपाट किंवा दुहेरी मलमल घ्या. कोऱ्या कापडाला खळ असते, ती जाईपर्यंत पाण्यात उकळून घ्या. साबण लावू नका, त्याचा वास चक्क्याला लागतो. दर वेळी काम झाले की फडके आधी थंड पाण्यात खळखळून धुवा. एकदम गरम पाणी घातले तर दुधाचा चिकटा धाग्यात बसतो. मग उकळत्या पाण्यातून काढा आणि कडक उन्हात वाळवा.

दुसरे, दूध. चांगली उकळी येऊ द्या आणि दोन-चार मिनिटे मंद आचेवर ठेवा. यात जंतू मरतात आणि दहीही घट्ट लागते. मग कोमट होऊ द्या. बोट बुडवून दहापर्यंत मोजता आले पाहिजे. लिटरला चहाचे दोन चमचे ताजे, गोडसर विरजण पुरे. विरजण आंबट असेल तर चक्काही आंबट होणार. भांडे स्टीलचे किंवा मातीचे. बिनकल्हईचे पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम दह्याला चालत नाही.

तिसरे, वेळ. उन्हाळ्यात दही पाच-सहा तासांत लागते, थंडीत दहा तासही लागतात. थंडीत भांडे गोधडीत गुंडाळा. उन्हाळ्यात दूध संध्याकाळी उशिरा विरजा आणि पहाटे उन्हे वर यायच्या आत बांधा. दही लागले की लगेच बांधायचे. लागलेले दही उन्हाळ्यात दुपारपर्यंत राहिले तर ते आंबटच होत जाते.

चौथे, टांगणे. फडके परातीवर पसरा, दही डावाने हलके ओता, चारही टोके एकत्र करून गाठ मारा. पहिला अर्धा तास चाळणीत ठेवा, पाणी भराभर जाते. मग खुंटीला टांगा, खाली भांडे ठेवा. जागा घरातली सगळ्यात गार, माठाजवळची. वरून जाळी किंवा पातळ कापड घाला, म्हणजे माशी बसणार नाही. सहा-आठ तासांत मऊ चक्का होतो. दोन-तीन वेळा फडके उघडून कडेचा घट्ट भाग मध्ये आणि मधला मऊ भाग कडेला करा. फ्रीज असेल तर चाळणीत ठेवून त्यातच गळू द्या, आंबटपणा वाढत नाही.

गाईच्या चार लिटर दुधाचा साधारण किलोभर चक्का मिळतो. म्हशीच्या दुधात घन भाग जास्त, म्हणून तीन लिटरमध्येच किलोच्या जवळ जाता येते.

गोडच खावा असे नाही

श्रीखंड आपल्याकडे फार जुने आहे. संस्कृत ग्रंथांत ते शिखरिणी या नावाने येते. पण टांगलेले दही मीठ घालून खाणारे देशही मोठे आहेत. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनमध्ये त्याला लबने म्हणतात. मीठ घालून टांगतात, वर जैतुनाचे तेल सोडतात आणि सकाळच्या रोटीबरोबर खातात. अफगाणिस्तानात तर टांगलेल्या दह्याला चकाच म्हणतात. आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहे, लसूण, जिरे, तिखट आहे, जवसाची चटणी आहे. पाव किलो चक्क्यात पाऊण चमचा मीठ, ठेचलेला लसूण आणि थोडे जिरे घाला आणि गरम भाकरीला लावा. शेतात डबा नेणाऱ्याला त्यातून दुधाचा कस मिळतो. हे सगळे विकायच्या आधी घरच्या पोरांच्या ताटात पडले पाहिजे.

निवळी गटारात जाऊ देऊ नका

चार लिटर दुधाच्या चक्क्याखाली जवळजवळ तीन लिटर हिरवट पिवळे पाणी जमते. ती निवळी. तिच्यात दुधातली साखर असते, क्षार असतात, थोडी प्रथिनेही असतात. दुधातल्या चुन्याचा बराच भाग आंबटपणामुळे तिच्यातच उतरतो. अमेरिकेत टांगलेल्या दह्याचा धंदा वाढला तेव्हा मोठ्या डेअऱ्यांना प्रश्न पडला की हे पाणी टाकायचे कुठे. आपल्याला तो प्रश्न पडायचे कारण नाही. ज्वारीचे पीठ रात्री निवळीत भिजवा, सकाळी पाणी घालून शिजवा, मीठ, जिरे, लसूण लावा, आंबील तयार. कढीत घाला. उरली तर जनावराच्या आंबोणात थोडी थोडी मिसळा. एकाच वेळी खूप पाजू नका.

हिशेब आधी, विक्री मागून

आता पैशाचे बोलू. मी सांगते ते आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला. दूध लिटरला 30 रुपये धरू. चार लिटरचे 120. जळण आणि विरजणाचे 10. प्रत्यक्ष कामाचा एक तास. रोज 320 धरला तर तासाचे 40. झाले 170. दहातला एक भाग खराब झाला किंवा विकला गेला नाही असे धरले, तर किलोला 189 रुपये खर्च पडतो. याच्याखाली विकला तर तुम्ही दुधापेक्षाही तोट्यात.

आता तीन घरांनी मिळून 12 लिटर दूध एकत्र केले तर? दुधाचे 360, जळण-विरजणाचे 20, काम दीड तासाचे म्हणून 60. एकूण 440, चक्का तीन किलो. दहावा भाग वजा करून किलोला 163 रुपये. तीन घरांचे मिळून तीन तासांचे काम दीड तासात झाले, किलोमागे खर्च 26 रुपयांनी उतरला. म्हणून एकेका घराने वेगवेगळे करण्यापेक्षा तीन-चार घरांनी आळीपाळीने करावे.

या हिशेबात बाईच्या तासाचे 40 रुपये मी मुद्दाम धरले. घरचीच तर आहे, तिला कसली मजुरी, असे म्हणून जो हिशेब जमतो तो हिशेब खोटा. सरकारने शेतकऱ्याचा घाम हिशेबात धरला नाही म्हणून आपण ओरडतो. मग माजघरात तीच लबाडी आपण करायची का?

आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगते. चक्का मुंबईला पाठवा असे माझे म्हणणे नाही. यवतमाळ-वाशी अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे. बर्फाशिवाय चक्का उन्हाळ्यात एक दिवससुद्धा भरवशाचा राहत नाही, फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. या शहराला पुरवायला पश्चिम महाराष्ट्रातले मोठे दूध संघ बसले आहेत, वारणेच्या श्रीखंडाचे डबे इथल्या दुकानांत दिसतात. आपले गिऱ्हाईक तालुक्याच्या गावी आहे. शिक्षक, बँकेतले, दवाखान्यातले लोक, लग्नाचे आचारी. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, लग्नसराई यांची मागणी आधी विचारून ठेवा आणि तेवढाच करा. दुसरे, विकायचे असेल तर अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी घ्या. 2006 चा अन्न सुरक्षा कायदा 2011 पासून लागू आहे आणि लहान विक्रेताही त्यात येतो. आणि एकदा कोणाचे पोट बिघडले तर गावाचे नाव जाईल, म्हणून फडके, हात आणि भांडे यांच्यात हयगय नको.

चक्क्याने कर्ज फिटणार नाही. कापसाचा भाव मिळवायची लढाई ती लढाई आहेच. पण ज्या दिवशी केंद्रावरचा माणूस पडेल भाव सांगेल, त्या दिवशी किटली परत नेऊन दही लावायची सोय ज्याच्या घरी आहे, त्याचा आवाज वेगळा असतो. पहिल्या दिवशी दोन लिटरच लावा. किती दूध, किती चक्का, किती निवळी, किती तास, हे वहीत लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन या. मग गावागावांचे आकडे समोर ठेवून भावाचे बोलू.