टायरचा जमाखर्च



मोटार चालवणाऱ्या चार माणसांना एकत्र बसवावे आणि टायरचा विषय काढावा. प्रत्येकाजवळ एक ठाम अनुभव असतो आणि तो शेजाऱ्याच्या अनुभवाशी हटकून जुळत नाही. एक म्हणतो, "माझे टायर साठ हजार चालले". दुसऱ्याच्या टायरला तीस हजारांतच टक्कल पडलेले असते. आणि 'जास्त टिकणारे, इंधन वाचवणारे' म्हणून जे टायर विकले जातात, त्यांच्याबद्दल तर सरळ दोन तट पडतात. मी अर्थशास्त्र शिकवतो. टायरशी माझा संबंध गिऱ्हाइकापुरता. पण साक्षी परस्परविरुद्ध आल्या की वही काढून हिशेब मांडायचा, ही आमच्या विषयाची खोड आहे.

आमच्या आळीत एक टॅक्सीवाले राहतात. सारी आळी त्यांना मामा म्हणते. पुणे-मुंबई भाडी करण्यात त्यांची वीस वर्षे गेली. त्यांनी इंधन वाचवणारे नवे टायर टाकले आणि पंधरा दिवसांनी मला हटकले, "सर, फसलो की हो! ॲव्हरेज वाढायचं सोडून उतरलं."

मामांचे गणित बरोबर होते. माप चुकत होते. गाडीचा काटा रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण आठ मिलिमीटर असते, झिजून ती दोनावर येते. म्हणजे जुने टायर काढून नवे घातले की चाकाची त्रिज्या सहा मिलिमीटरने वाढली. मोटारीच्या चाकाची त्रिज्या तीनशे मिलिमीटरच्या आसपास धरली, तर हा फरक दोन टक्क्यांचा झाला. गाडी खरोखर शंभर किलोमीटर धावली तरी काटा अठ्ठ्याण्णवच दाखवणार! शिवाय नव्या नक्षीत रबर जाड असते, ते अधिक दबते आणि थोडे अधिक इंधन खाते. म्हणून नव्या टायरची तुलना झिजलेल्या टायरशी करू नये. नव्याची नव्याशीच करावी. ही तुलना एकट्या गाडीवाल्याला जमत नाही. बहुतेक वादांचे मूळ इथेच आहे.

आता मुळात टायर इंधन खातो कसा? ताशी साठ किलोमीटर वेगाने जाताना मोटारीचे चाक सेकंदाला आठ-नऊ वेळा फिरते. दर फेऱ्याला टायरचा प्रत्येक भाग रस्त्याशी दबतो आणि सुटतो. दबताना रबराने जेवढी शक्ती घेतली तेवढी ते परत देत नाही; उरलेल्या शक्तीची उष्णता होते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून पाहा, तुमचे थोडे इंधन तिथे गरम होऊन बसलेले सापडेल. ही गळती कमी करावी तर दुसरी अडचण येते: जे रबर कमी शक्ती गिळते ते ओल्या रस्त्याला पकडही कमी धरते. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९९२ साली काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका मिसळलेला टायर बाजारात आणला, तेव्हा या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एकत्र नांदू लागल्या. बऱ्याच अंशी म्हणतो, पूर्णपणे नव्हे.

बचत होते किती? टायरचा हा विरोध दहा टक्क्यांनी घटला, तर इंधन एक ते दोन टक्के वाचते. आपण दोन धरू. मामांची गाडी वर्षाला साठ हजार किलोमीटर धावते. लिटरला पंधरा किलोमीटर या हिशेबाने चार हजार लिटर डिझेल लागले. त्यातले ऐंशी लिटर वाचले. सोयीसाठी लिटरला शंभर रुपये धरले, तर वर्षाचे आठ हजार रुपये. मामांना ते महत्त्वाचे आहेत. माझी गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर जाते. माझे आठशे वाचतील. तोच टायर, पण दोघांचा जमाखर्च वेगळा.

आणि ही बचत घालवायला फार काही करावे लागत नाही. हवा कमी ठेवली की पुरे! अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाप्रमाणे चारही चाकांत सरासरी एक पौंड हवा कमी असली, तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त जाते. बत्तीसच्या ऐवजी चोवीसवर गाडी चालवली, तर महागड्या टायरचे दीड टक्का श्रेय तिथेच संपले. कडा झिजतात ते निराळेच. काही चालक उलट जास्त हवा ठोकतात. त्याने मधली नक्षी आधी जाते आणि पकड उणावते. हवा टायर थंड असताना बघावी. आपण मात्र वीस किलोमीटर जाऊन पंपावर बघतो.

पण मामांशी माझा खरा वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. युरोपात २०१२ सालापासून टायरवर चिठ्ठी लावणे सक्तीचे झाले. तिच्यात इंधनबचतीची श्रेणी होती, ओल्या रस्त्यावरच्या पकडीची होती, आवाजही होता. टायर किती किलोमीटर टिकेल, हे मात्र तिच्यात नव्हते. आपले गिऱ्हाईक नेमके उलटे वागते. 'किती चालेल?' हा पहिला प्रश्न, 'ॲव्हरेज किती?' हा दुसरा; पावसात गाडी किती अंतरात थांबेल, हे कुणी विचारीतच नाही. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा चिखल होतो. तशात बोरघाट उतरताना ब्रेक लावणाऱ्या माणसाला ऐंशी लिटर डिझेलचा काय उपयोग? नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद. पण पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्याच्या आधीच खालावलेली असते.

मामा म्हणाले, "सर, तुमचं खरं. पण तुमच्या टायरची नक्षी तर अजून नव्यासारखी आहे, तुम्हाला काय भीती?" भीती माझ्यासारख्यालाच जास्त. कमी फिरणाऱ्याचा टायर झिजत नाही, म्हातारा होतो. उन्हात उभ्या गाडीचे रबर कडक होते, बारीक भेगा पडतात आणि नक्षी शाबूत असल्यामुळे मालक निर्धास्त राहतो. मामा दीड वर्षात टायर बदलतात, तिथे हा प्रश्न येतच नाही. मला मात्र 'साठ हजार टिकणारा' टायर घेऊन काय करायचे? माझे साठ हजार व्हायला दहा वर्षे लागतील.

म्हणून टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ असे असले तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच अंगाला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर दुकानदाराला चाकावर चढवण्याआधी टायर उलटा करून दाखवायला सांगावे.