आधी प्रथिनं, मग काटा



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय 'लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार' असा छापलाय. विषय केवढा, आणि मला मिळालीत दहा मिनिटं. पाणी, गोळ्या, जीवनसत्त्वं, चालणं, सगळ्यावर बोलायला हवं. पण मी एकाच गोष्टीवर अडून बसणार आहे. मधेच कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली, दारावरची बेल वाजली, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून टाकते. वजन उतरायचं थांबलं, तर ताट कमी करू नका, ताटातला क्रम बदला. आधी प्रथिनं, मग बाकीचं.

ऑपरेशन स्लीव्हचं की बायपासचं, जठर किती लहान केलं, हे ज्यांनी करून घेतलंय त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडची कितीतरी मंडळी त्यासाठी पुण्याला, मुंबईला, हैदराबादला जातात. ऑपरेशन तिकडे होतं, जेवायचं मात्र इथं सोलापुरातच असतं. आणि गाडी अडते ती इथंच.

2017 साली इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं, तेव्हा या शस्त्रक्रियेचं नाव घराघरांत पोचलं. तुम्हाला आठवत असेल, त्या बातम्यांत सगळी चर्चा किलोंची होती. आज किती उतरले, उद्या किती उतरतील. तीच सवय आपल्याला लागलीय. सकाळी उठलं की आधी काटा. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास काटा थांबला की घर घाबरतं. "मॅडम, ऑपरेशन फेल गेलं का?"

नाही हो, फेल नाही गेलं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत थोडी साखर साठवून ठेवतं. तिला ग्लायकोजेन म्हणतात. तिच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तुटलं की आधी हा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं, म्हणून पहिले किलो भराभर उतरतात. पुढं शरीर थोडं पाणी धरून ठेवायला लागतं. आत चरबी जळत असते, पण काट्यावर आकडा तोच दिसतो. आठवडा जातो, कधी दोन आठवडे जातात, आणि तो पुन्हा हलतो. तुम्ही काही केलं नाहीत तरी हलतो.

पण आपण गप्प बसत नाही ना! काटा थांबला की दोन चमचे वरण खात होतो तेही बंद करतो. सकाळचं दूध बंद, अंडं बंद, दिवसभर पेज आणि लिंबूपाणी. इथंच मला राग येतो.

का येतो, ते सोलापूरकरांना सोलापूरच्या भाषेतच सांगते. आपल्या पूर्व भागातला एखादा यंत्रमागवाला डोळ्यांसमोर आणा. गोदामात सुताच्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या आहेत. त्याला ते गोदाम रिकामं करायचंय. रिकामं कशानं होणार? माग चालले तर. माग सूत खातात. आता हाताशी पैसा कमी पडला म्हणून त्यानं काय केलं, तर एक माग भंगारात काढला. पुढच्या महिन्यात दुसरा काढला. शेडचं वजन केलं असतं तर ते घटलेलंच दिसलं असतं, मालक खूशही झाला असता. पण गोदामातलं सूत आता कोण खाणार?

सूत म्हणजे तुमची चरबी. माग म्हणजे तुमचे स्नायू. बसल्या जागीसुद्धा तुमचे स्नायू काही ना काही जाळत असतात. पोटात प्रथिनं गेली नाहीत, तर शरीर आपल्या गरजेसाठी स्नायू मोडायला काढतं. काटा खाली जातो, आणि खाली गेलं म्हणून आपण पेढे वाटतो. पण ते उतरलेलं वजन सुताचं की मागाचं, हे काटा सांगत नाही. माग कमी झाले की सूत सावकाश संपतं, मग पुढं वजन खरोखरच अडून बसतं. आणि मग आपण आणखी कमी खातो, म्हणजे उरलेले मागही भंगारात.

तेव्हा नीट ऐका. प्रथिनं खाल्ल्यानं अडलेला काटा दुसऱ्या दिवशी हलेल, असं मी म्हणत नाही. तसं सांगून डबे विकणारे पुष्कळ आहेत. प्रथिनं माग सांभाळतात, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि माग नुसता तेलपाणी करून ठेवला तरी तो चालवावा लागतो. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की वजनं उचलण्याचा हलका व्यायाम... त्यावर खरं तर वेगळं भाषण व्हायला हवं.

आता किती खायची? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 65 किलोच्या पुरुषाला रोज 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. शस्त्रक्रियेनंतर सर्वसाधारणपणे किमान 60 ग्रॅम सांगतात, काहींना 80. गंमत बघा. स्लीव्हनंतर जठर उरलंय जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा, आणि गरज निरोगी माणसापेक्षा जास्त. म्हणून तर क्रमाचा एवढा आग्रह. चार घासांत पोट भरणार असेल, तर पहिले तीन घास कशाचे, यावर सगळं ठरतं.

कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. दोन अंडी, 12 ग्रॅम. पनीर 50 ग्रॅम, त्यात 9. दिवसभरात दूध-दही मिळून 400 मिली, त्यात 13. दोन वेळची मिळून 40 ग्रॅम कोरडी डाळ, दाट शिजवलेली, त्यात 9. सोयाबीनच्या वड्या 20 ग्रॅम, भिजवून बारीक केलेल्या, त्यात 10. बेरीज झाली 53. एवढं सगळं करूनही साठ भरत नाहीत. आणि अंडं न खाणारं घर असेल तर 41 वरच थांबलात. म्हणून डॉक्टर प्रोटीनची पावडर लिहून देतात, ती "केमिकल आहे" म्हणून कपाटात ठेवू नका. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे सगळे आकडे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

घरातल्या मोठ्यांनाही सांगायचंय. सासूबाई, आई, तुमची माया कळते. "चार घास तर खातोय बिचारा, निदान आवडीचं खाऊ दे," म्हणून तुम्ही खारी, बिस्किटं, साबुदाण्याची खिचडी पुढं करता. ते सगळं सुळकन खाली उतरतं, पोट भरल्याचं कळतही नाही, आणि साबुदाण्यात प्रथिनं नावालाच. आषाढी आली, श्रावणी सोमवार आले की हा प्रश्न उभा राहतोच. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर यांवर करा, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

आणि शेंगाचटणी! मला माहीत होतं, कुणीतरी मनात म्हणत असणार की शेंगदाण्यात भरपूर प्रोटीन असतं. असतं, 100 ग्रॅमला 25 च्या आसपास. पण त्यातच चाळीसहून जास्त ग्रॅम तेल असतं. आणि एका चमच्यात प्रथिनं येतात जेमतेम एक ग्रॅम. चटणी चवीपुरती खा, हिशेबात धरू नका. त्यापेक्षा हुलगे धरा, मटकी धरा. माडगं करायचं तर दाट करा. वरणाचं वरचं पाणी नको, तळातली डाळ वाढा.

काचेपलीकडून मला पाच बोटं दाखवताहेत, ती मिनिटं आहेत की... बरं, मिनिटं नाहीत असं दिसतंय. उरलेलं भराभर सांगते. दीड-दोन वर्षांनी वजन थांबतं, ते थांबणं वेगळं. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे 32 टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ही घट 25 टक्के राहिली. म्हणजे थोडं परत येतं, बरंचसं टिकतं. ते का येतं, यात फरसाणाचा आणि गोड चहाचा वाटा किती, हे आज राहिलं.

केसांचं सांगायलाच हवं. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात. ते बऱ्याच अंशी शस्त्रक्रियेच्या ताणानं असतं आणि बहुतेकांचे परत येतात. पण प्रथिनं, लोह कमी पडलं तर गळणं लांबतं. पायांवर सूज आली, जिना चढताना मांड्यांत जोर राहिला नाही, तर काट्याकडे बघत बसू नका, रक्त तपासून घ्या. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कधी बंद करायच्या, असं मला विचारू नका. त्या बंद करायच्या नसतात.

तेव्हा पुन्हा एकदा, शेवटचं. काटा आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, एकाच वेळी. रोज रात्री मात्र वहीत लिहा की आज किती ग्रॅम प्रथिनं पोटात गेली. वजन थांबलंय म्हणून कुणाला फोन करायच्या आधी ती वही उघडा. सात दिवस साठ भरलेत का ते बघा. भरले नसतील तर आधी ते भरा. भरूनही महिनाभर काटा हलला नाही, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती वही बरोबर न्या.