न दिसणाऱ्या सेवकाची खुशाली



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून ‘हा तर संगणकवाल्यांचा प्रश्न’ असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटले असेल. तसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ते बरोबर नाही. कर्जाचा हप्ता ठरल्या दिवशी बँकेतून आपोआप वळता होतो, विजेचे बिल वेळेवर तयार होते, तपासणीचा अहवाल आपल्या मोबाईलवर येऊन पडतो. ही कामे करणारा कारकून कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. संगणकात पडद्याआड रात्रंदिवस चालणारा तो एक प्रोग्राम असतो. अशा प्रोग्रामला ‘डीमन’ म्हणतात. त्याचे काम अडले, तर ते तो कोणास व कसे सांगतो, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

प्रथम नावाविषयी. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कोर्बाटो यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव वापरण्यास आरंभ केला. ते त्यांनी घेतले मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या एका कल्पनेवरून. पेटीतल्या झरोक्यापाशी बसून जलद आणि मंद रेणू निवडून वेगळे करणारा, कधीही न थकणारा असा एक अदृश्य जीव मॅक्सवेलने कल्पिला होता. तेव्हा हा डीमन म्हणजे पिशाच नव्हे. आपल्या कोकणातला राखणदार त्याला अधिक जवळचा. दिसत नाही, पण गस्त घालतो.

युनिक्स आणि तिच्या घराण्यातील लिनक्स या प्रणालींत प्रत्येक प्रोग्रामला जन्मतःच तीन वाटा मिळतात. शून्य क्रमांकाची वाट ऐकण्याची, एक क्रमांकाची उत्तर देण्याची आणि दोन क्रमांकाची तक्रारीची. ही तिसरी वाट आरंभी नव्हती. १९७०च्या दशकात बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत मजकूर छायाचित्राच्या कागदावर जुळविणारे यंत्र होते. मंडळी मजकूर पाठवीत, कागद धुऊन काढीत, आणि पाहतात तो काय, अमुक फाइल उघडता आली नाही ही तक्रारच सुबक टाइपात छापून आलेली! उत्तर आणि तक्रार एकाच वाटेने गेल्याचा हा परिणाम. तेव्हापासून तक्रारीची वाट निराळी झाली.

डीमनच्या बाबतीत मात्र निराळीच अडचण उभी राहते. ज्या पडद्यावरून त्याला कामास लावले, तो पडदा बंद करून माणूस घरी जातो. तक्रार करावयाची, पण समोर कोणीच नाही! म्हणून डीमन सुरू होताना तो पडद्याशी असलेले नाते तोडतो. या तिन्ही वाटा नुसत्या बंद करून भागत नाही. प्रणालीचा नियम असा की, नव्याने उघडलेल्या फाइलला रिकाम्यांपैकी सर्वांत लहान क्रमांक मिळतो. त्यामुळे उद्या एखादी हिशेबाची फाइल नेमकी दोन क्रमांकावर जाऊन बसते, आणि प्रोग्रामचा एखादा भाग सवयीने तक्रार लिहू लागला की ती थेट हिशेबात घुसते. म्हणून शहाणा कारागीर त्या वाटा ‘नल’ नावाच्या अथांग विहिरीकडे वळवितो. तिच्यात टाकलेले सर्व नाहीसे होते. हिशेब वाचतो खरा, परंतु तक्रारही बुडते. यासाठी तिला दुसरे घर द्यावेच लागते. ते घर म्हणजे लॉग, जहाजावरील नोंदवहीवरून नाव पडलेली वही.

१९८०च्या दशकात बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी ‘सिसलॉग’ ही व्यवस्था रचिली. अनेक डीमनांच्या नोंदी एका ठिकाणी येऊ लागल्या, आणि प्रत्येक नोंदीला शून्य ते सात अशी तीव्रतेची पायरी मिळाली. शून्य म्हणजे हाहाकार, सात म्हणजे कारागिराच्या कामापुरता बारीक तपशील. आज पुष्कळ लिनक्स संगणकांवर ‘सिस्टमडी’ नावाची व्यवस्था डीमनांना सांभाळते आणि त्यांची तक्रारीची वाट आपणच वहीत उतरवून घेते.

येथे कोणी विचारील, मग प्रश्न सुटला की! सुटला नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत दुरुस्ती करताना मुख्य डेटाबेसवरील सुमारे ३०० गिगाबाइट माहिती चुकून पुसली गेली. रोज आपोआप घेतली जाणारी प्रत आणावयास गेले, तो कोठार रिकामे! प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा, डेटाबेस नव्या आवृत्तीचा. दोघांचे जमत नसल्याने तो थांबत असे. त्याने तक्रार केली नव्हती काय? केली होती. तिची ईमेल जात होती. परंतु त्या पत्रांवर योग्य ती सही नसल्याने घेणाऱ्या सर्व्हरने ती नाकारली. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कोणी एक प्रत काढून ठेवली होती, म्हणून बाकीचे वाचले. त्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या.

दुसरे उदाहरण याच्या उलट. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीत बाजार उघडण्यापूर्वी संगणकाने ९७ ईमेल पाठविल्या. त्या पोचल्याही. पण त्या धोक्याची सूचना म्हणून योजलेल्या नव्हत्या आणि कोणी त्यांची दखल घेतली नाही. बाजार उघडल्यावर सुमारे पाऊण तासात ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

तात्पर्य, तक्रार लिहिली जाणे, ती पोचणे आणि ती वाचली जाणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वही ठेवली म्हणजे काम झाले असे मानणारा पहिल्याच पायरीवर थांबतो.

बरे, सगळेच लिहून ठेवावे म्हटले तर तेही घातक. वहीच फुगून डिस्क भरते आणि वहीपायी काम बंद पडते. शिवाय वहीत काय जाते याचाही विचार हवा. २०१८ साली ट्विटरला आपल्या सर्व सदस्यांस पासवर्ड बदलण्याची विनंती करावी लागली. कारण ते पासवर्ड आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये संस्थांना १८० दिवसांचे लॉग राखण्याचा आदेश दिला. तो योग्यच आहे. पण राखणे म्हणजे वाचणे नव्हे.

मग उपाय कोणता? पूर्वी मुलगा परगावी शिकावयास गेला की आई त्याला सांगे, दर आठवड्यास खुशालीचे कार्ड टाक. कार्ड आले नाही की घरात काळजी सुरू होई. डीमनकडूनही अशीच खुशाली मागावी. चुकल्यावर ओरड, एवढेच त्याला सांगून पुरत नाही. कारण मेलेला ओरडत नाही. ‘काम नीट झाले’ असे त्याने रोज कळवावे, आणि ज्या दिवशी ते कळणार नाही त्या दिवशी घंटा वाजावी.

आपण पतपेढीचे सभासद असाल, शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या समितीवर असाल. पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा: आपल्या नोंदींची प्रत खरोखर परत आणून शेवटची कधी पाहिली? आणि खुशाली आली नाही, तर कोणाच्या लक्षात येईल? उत्तरादाखल एखाद्या माणसाचे नाव आले तर निश्चिंत असा. ‘आजवर काही तक्रार नाही’ एवढेच उत्तर आले, तर तेथेच चौकशीला प्रारंभ करा.