पाळी सुटल्यावर काय वाचावं?



पुस्तकांवर बोला, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, की मराठीतली सर्वोत्तम शंभर पुस्तकं असली यादी काही मी सांगणार नाही. पुस्तक माणूस पाहून सुचवावं. तो कुठल्या तालुक्यातून आला, कोणत्या पाळीला आहे, खोलीवर किती जण राहतात, घरी कुणी आधी वाचलेलं आहे का, हे ठाऊक नसताना पुस्तक सुचवणं म्हणजे पेशंट न तपासता गोळी लिहून देणं. आपण वाचणारी मंडळी हीच चूक करतो. समोरच्याला जे रुचेल, पचेल ते न देता, त्यानं जे वाचायलाच हवं असं आपल्याला वाटतं ते त्याच्या हातात देतो. त्यानं ते वीस पानांवर मिटून ठेवलं, की वर म्हणतो, हल्ली कुणी वाचत नाही.

आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्याबद्दल तर हे फारच सहज बोललं जातं. कारखान्यांचं गाव, तिथे कसलं आलंय वाचन? हे मला मुळीच मान्य नाही. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्यातून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं एक पत्रक निघालं. त्यात कारखान्यातल्या घडामोडी आणि मालाची माहिती असे. शं. वा. किर्लोस्करांनी त्याचंच मासिक घडवलं. पुढे त्याच घरातून 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ निघालं, आणि महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांनी आपली मतं कितीतरी वर्षं या तीन मासिकांवर घासूनपुसून घेतली. हे सगळं पुण्या-मुंबईतल्या वाड्यांतून नव्हे, एका कारखान्याच्या वसाहतीतून झालं. आणि 2016 च्या जानेवारीत आपल्याकडे 89 वं साहित्य संमेलन भरलं तेही हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या, एच.ए.च्या, मैदानावर, म्हणजे देशाला पेनिसिलिन देणाऱ्या कारखान्याच्या अंगणात. तेव्हा इथलं लोखंड आणि पुस्तक एकमेकांना परके नाहीत.

आता मी माणसं घेतो आणि त्यांच्यासाठी पुस्तकं सांगतो. मतं माझी आहेत, खोडून काढायला तुम्ही मोकळे आहात.

पहिला माणूस महाळुंग्याला किंवा खराबवाडीला खोली करून राहणारा. लातूर, बीड, नांदेडकडून आलेला, कॉन्ट्रॅक्टवर किंवा ट्रेनी म्हणून लागलेला. एका खोलीत चार-पाच जण, एकाची नाईट तर दुसऱ्याची फर्स्ट, त्यामुळे खोलीवरचा दिवा लावायचा की नाही हाही वादाचा विषय. तो म्हणतो, वाचायला वेळ नाही. खरंच नाही. पाळी, वर ओव्हरटाइम, आणि मग तळेगाव चौकात बस अडकली की गेला तास. या मुलाला सहाशे पानांची कादंबरी देऊ नये. त्याला व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ द्यावी. 1949 चं पुस्तक आहे. एकेक माणूस काही पानांत उभा राहतो आणि संपतो. कंपनीच्या बसमध्ये असा एक मुलगा मी पाहिला आहे. डबा मांडीवर, त्याच्यावर पुस्तक, पानाची खूण म्हणून कॅन्टीनचं कुपन. त्याचं एक व्यक्तिचित्र निगडीपासून मोशीपर्यंत संपायचं, आणि मग तो खिडकीबाहेर बघत बसायचा. दुष्काळी मुलखातली गरीब माणसं लेखकानं दया न दाखवता रंगवली आहेत, म्हणून तशाच मुलखातून आलेल्याला ती आपली वाटतात.

त्यानंतर त्याला लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ द्यावं. 1987 मध्ये आलं, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालं. जिला इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलं त्या जमातीतला लातूरकडचा एक मुलगा शाळेत जातो, सूतगिरणीत कामाला लागतो, तिथे कामगारांची संघटना बांधायला बघतो. आत्मकथनं अनेक आहेत. दया पवारांचं ‘बलुतं’ तर मराठी गद्याचा एक टप्पाच आहे. तरीही आपल्या पट्ट्यातल्या तरुणाला मी ‘उचल्या’ आधी देईन. गावातली जात आणि गिरणीतलं काम या दोन्ही गोष्टी त्यात एकाच आयुष्यात येतात, आणि लेखक कुठेही स्वतःला नायक करत नाही.

दुसरा माणूस इथलाच, मूळ गाववाला. चाकण, खेड, भोसरी, तळवडे. ज्याच्या बापानं शेत कसलं आणि ज्याच्या काळात तिथे शेड उभी राहिली. त्याच्यासाठी माझ्याकडे एकच नाव आहे, आणि ते मी आग्रहानं सांगतो: आनंद यादवांची ‘गोतावळा’, 1971 ची. मळ्यावर राबणारा नारबा हा गडी आपल्याच बोलीत ती सांगतो. बैल, म्हशी, कुत्रं, झाडं हाच त्याचा गोतावळा. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर दावणीवरून सुटत जातं. मालक दुष्ट नाही, ट्रॅक्टरही वाईट नाही. कुणालाच खलनायक न करता यादवांनी ती तुटातूट दाखवली आहे, म्हणून ती जास्त लागते. कागल भागातली ती बोली पहिल्या दहा पानांत जड जाईल. ती मोठ्यानं वाचावी, कान लगेच सरावतो. ट्रॅक्टरचे गिअर आणि शाफ्ट जिथे घडतात त्या गावानं ही कादंबरी वाचायला हवी असं मला मनापासून वाटतं. यंत्र बाहेर पडलं की पुढे काय होतं, हे ते बनवणाऱ्याला ठाऊक असावं. जमीन धरणात गेली असेल, आणि पवनेकाठी तशी घरं आहेत, भामा-आसखेडलाही आहेत, तर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचा. त्यांचं ‘पानिपत’ जास्त खपतं. माझं मत ‘झाडाझडती’ला.

आता ज्याच्या घरी आधीच एक पुस्तक आहे असा माणूस. ते पुस्तक बहुधा ‘मृत्युंजय’ असतं. टेल्कोतल्या, बजाजमधल्या कितीतरी घरांत टीव्हीखालच्या कप्प्यात मी ते पाहिलं आहे, पानं सुटलेलं, वरून कव्हर घातलेलं. या पुस्तकानं हजारो माणसांना वाचक केलं आणि त्याबद्दल शिवाजी सावंतांचे उपकार मानावेत. पण तिथेच थांबू नये. ‘मृत्युंजय’ आलं 1967 साली. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. दोन्ही पुस्तकांत कर्ण आहे आणि दोन कर्ण एकमेकांना ओळखणारही नाहीत. सावंतांचा कर्ण अन्याय झालेला, तेजस्वी, आपल्या बाजूनं बोलणारा. इरावतीबाई महाभारताची चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून विचारतात, की भर सभेत द्रौपदीबद्दल हा माणूस काय बोलला? त्याच्यावर अन्याय झाला हे त्या मान्य करतात, आणि त्यानं काय केलं याचा हिशेबही मांडतात. पुष्कळांना हा निबंध वाचून राग येतो. येऊ द्या. ज्याचं ‘मृत्युंजय’ पाठ आहे त्याच्याच हातात ‘युगान्त’ द्यावं, कारण तोच खरा भांडेल, आणि भांडता भांडता पुस्तकाशी प्रश्नोत्तरं करायला शिकेल. ऐतिहासिक कादंबऱ्या आवडणाऱ्यांनाही माझं असंच सांगणं आहे. ‘श्रीमान योगी’ वाचा, पण नरहर कुरुंदकरांची तिला असलेली दीर्घ प्रस्तावना चुकवू नका. किंबहुना ती आधी वाचा.

आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांकडे येतो. त्यांच्या सॅकमध्ये मला यश मिळवण्याची सूत्रं सांगणारी भाषांतरित पुस्तकं दिसतात. एक वाचलं की सगळी वाचल्यासारखीच आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्याऐवजी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचा. गुलामीत जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो आणि भुईमुगावर काम करत आपल्या लोकांची शेती सावरतो. जिद्द शब्दानं सांगावी लागत नाही, कामातून दिसते. अच्युत गोडबोल्यांचं ‘किमयागार’ जाडजूड आहे, पण एकेका शास्त्रज्ञापुरतं वाचता येतं. आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, ‘यक्षांची देणगी’पासून सुरुवात करा. मोठे शास्त्रज्ञ म्हणून नाव झालेलं असताना त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती दुसऱ्याच नावानं. परीक्षकांनी कथा पाहावी, लेखक नव्हे, म्हणून. आणि बक्षीस मिळवलं. मुलांना हा किस्सा जरूर सांगा.

रहस्यकथा, भयकथा वाचणाऱ्यांनी संकोचू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि गिरणगावात त्या हातोहात फिरत. नारायण धारपांची चांगली भयकथा रात्री एकट्यानं वाचून पाहा, वाक्यं किती मोजकी आहेत ते कळेल. जी. ए. कुलकर्ण्यांचं ‘काजळमाया’ मात्र नाईट करून आल्यावर वाचू नका. त्याला ताजं डोकं लागतं, सुट्टीचा दिवस लागतो.

लाइनवर आता मुलीही मोठ्या संख्येनं आहेत. त्यांना, आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांनाही, मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुचवतो. 1934 ते 36 या काळात ती प्रसिद्ध झाली. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही, संसारात एकामागून एक वादळं, नवरा धर्म बदलतो, काही वर्षं ताटातूट, आणि बाई हे सगळं असं सांगतात की आपण हसतो आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं. मराठी गद्यात माझं सर्वांत आवडतं पुस्तक हे. सोबत बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ वाचलंच पाहिजे, फलटणकडच्या महारवाड्यातल्या बायकांचं जगणं त्यात आहे. एकाच महाराष्ट्रातल्या या दोन बायका शेजारी शेजारी वाचल्या, की आपला समाज कसा रचलेला होता हे कुठल्याही जाड ग्रंथापेक्षा नीट समजतं.

कवितेबद्दल थोडंच. नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ या शहरात घरोघरी असावं. गिरणी कामगारानं सांभाळलेल्या अनाथ मुलाची ती कविता आहे. आणि तुकोबा तर आपले शेजारीच. इंद्रायणी आपल्या हद्दीतून वाहते, भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर चाकणच्या रस्त्यावरून दिसतात. पण सरकारी गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, पहिल्या पानापासून सुरुवात केली की माणूस दमतो. कुठलंही पान उघडा, रोज दोन अभंग वाचा. गोडी लागली की देहूच्याच सदानंद मोरे यांचं ‘तुकाराम दर्शन’ घ्या. चारशे वर्षं महाराष्ट्रानं तुकोबांना कसकसं वाचलं, याचा तो इतिहास आहे.

एक उणीव मात्र बोलून दाखवतो. मुंबईच्या गिरणगावाला सुर्वे मिळाले, जयंत पवारांचं ‘अधांतर’ मिळालं. गिरण्यांच्या संपानंतर कामगाराच्या घरात काय झालं ते त्या नाटकात कायमचं नोंदलं गेलं. आपल्याकडचं कायम आणि कॉन्ट्रॅक्ट यांच्यातलं अंतर, एकाच मशीनवर एकाच पाळीला उभ्या असलेल्या दोघांच्या पगारातला फरक, जमिनीचे पैसे आलेलं घर आणि त्याच घरातल्या खोलीचा भाडेकरू, यांच्यावर त्या तोडीची कादंबरी अजून यायची आहे, असं माझं मत आहे. ती बाहेरून येऊन कुणी लिहिणार नाही. इथे बसलेल्यांपैकी कुणाला पाळीवरून आल्यावर चार ओळी लिहायची सवय असेल, तर ती मोडू नका.

आणि लहानमोठ्या वर्कशॉपांचे मालक समोर आहेत म्हणून त्यांच्याकडे एक मागणं. खंडेनवमीला तुम्ही मशीनची पूजा करता, कामगारांना पेढे आणि डबा देता. यंदा त्याच्यासोबत प्रत्येकाला एक पुस्तक द्या. सगळ्यांना एकच पुस्तक घाऊक भावात घेऊ नका. आठ दिवस आधी प्रत्येकाला त्याचा तालुका विचारा, घरी कोण काय वाचतं ते विचारा आणि मग दुकानात जा.